मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे

ग्रामसभेच्या नोटिशीवरचा पहिला विषय वर्षानुवर्षं ठरलेला असतो : ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ शेवटचाही ठरलेला : ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांवर चर्चा करणे.’ गावाचं सगळं वर्ष या दोन ओळींच्या मधे मावतं. तुंबलेली गटार, बंद पडलेला दिवा, घरकुलाची यादी, स्मशानभूमीकडे जाणारी वाट, शाळेची संरक्षक भिंत, पाणीपट्टीची थकबाकी. नोटीस ग्रामपंचायतीच्या फलकावर डकवली जाते. पूर्वी दवंडी फिरायची. आता घंटागाडीच्या भोंग्यावरून पुकारा होतो आणि गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर नोटिशीचा फोटो पडतो. वाचणारे पुष्कळ असतात, येणारे थोडे. त्या थोड्यांबद्दल आणि ते जिथे बसतात त्या सभेबद्दल मला लिहायचं आहे.

लिहायला बसलो की डोळ्यांसमोर बेलापूर येतं. मुंबईजवळचं नव्हे, अहिल्यानगर जिल्ह्यातलं, श्रीरामपूर तालुक्यातलं, प्रवरेकाठचं. या गावाचं नाव त्याच्या शिवेबाहेर फार फिरलं आहे. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला, तेव्हा इथल्या स्थानकाला जवळच्या मोठ्या गावाचं म्हणून बेलापूर हे नाव मिळालं. गाव स्थानकापासून पाचेक किलोमीटरवर. पुढे स्थानकाभोवती वखारी आल्या, पेठ वसली, बाजार भरला आणि त्यातून श्रीरामपूर शहर उभं राहिलं. श्रीरामपूरला जायचं आणि तिकीट बेलापूरचं काढायचं, हा या भागातल्या पिढ्यांचा रिवाज. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या साखर कंपनीनंही बेलापूरचंच नाव घेतलं, कारखाना मात्र हरेगावात उभा राहिला. तालुक्याचं ठाणं, नगरपालिका, मोठी बाजारपेठ हे सगळं स्थानकाकडे गेलं. गावाकडे राहिली ग्रामपंचायत. तीही एक नाही, दोन : बेलापूर बुद्रुक आणि बेलापूर खुर्द. दोघींची दप्तरं वेगळी, सभा वेगळ्या, सरपंच वेगळे.

बुद्रुकसारखं मोठं गाव ग्रामपंचायतीत असलं की एक वेगळीच ओढाताण सुरू होते. लोकांच्या गरजा शहराच्या : गटारी, कचरा, बाजारतळ, वाहनतळ, रोजचं पाणी. हाताशी असलेली यंत्रणा मात्र खेड्याची. सदस्यसंख्या लोकसंख्येवरून ठरते, कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त १७. लोकसंख्या साडेसात हजारांच्या पुढे कितीही गेली तरी सदस्य सतराच. शहरात ज्या कामांना वेगवेगळी खाती असतात, ती इथे एका सरपंचाच्या, एका ग्रामसेवकाच्या आणि शिपाई, पाणीपुरवठा कर्मचारी, सफाई कामगार अशा मोजक्या माणसांच्या अंगावर असतात.

ग्रामसेवकाला आमच्याकडे ‘भाऊसाहेब’ म्हणतात. तलाठीही भाऊसाहेबच, त्यामुळे नवख्या माणसाचा गोंधळ होतो. २०२४ मध्ये शासनानं ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असं नाव दिलं, पण हाक बदललेली नाही. भाऊसाहेबांच्या कपाटात लेखासंहितेप्रमाणे ठेवायचे १ ते ३३ नमुने असतात. नमुना ८ म्हणजे घरांची कर आकारणी, नमुना ९ म्हणजे कराची मागणी, नमुना ५ म्हणजे रोकडवही. अगदी गावातल्या झाडांचीही नोंदवही असते, ती नमुना ३३. घर कुणाच्या नावावर आहे हे सांगताना खेड्यातला माणूस ‘आठ अ’ किंवा ‘नमुना आठ’ म्हणतो, तेव्हा तो याच कपाटातल्या कागदाचं नाव घेत असतो. नमुना ८ मालकी सिद्ध करत नाही, ती कर बसवण्यापुरती नोंद आहे. तरी भावकीतल्या कितीतरी भांडणांचा निकाल लोकांच्या मनात या उताऱ्यावरच लागलेला असतो.

सभा दोन प्रकारच्या, आणि त्यांची सरमिसळ करण्यात पुष्कळांचं नुकसान होतं. मासिक सभा ही निवडून आलेल्या सदस्यांची, महिन्यातून एकदा तरी व्हायलाच हवी. रोजचा कारभार तिथे ठरतो : कुठलं बिल द्यायचं, कुठली निविदा काढायची, कुणाला नाहरकत दाखला द्यायचा. ग्रामसभा ही गावाची. तिचा सदस्य व्हायला निवडणूक लढवावी लागत नाही. मतदारयादीत नाव असलं की झालं. सरपंच तिथे अध्यक्ष असतो, मालक नसतो. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्य दिन, गांधी जयंती आणि प्रजासत्ताक दिन हे त्यांचे रुळलेले दिवस. पुरेशा कारणाशिवाय ग्रामसभा घेतली नाही तर सरपंचाचं पद जाऊ शकतं, इतकी ती कायद्याला महत्त्वाची वाटते. हा कायदा १९५८ चा, तेव्हाचा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, आता महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम. २४ एप्रिल १९९३ ला त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामसभा हा शब्द राज्यघटनेत गेला.

गणपूर्तीचं गणित मात्र बघण्यासारखं आहे. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली जी संख्या कमी असेल ती. चारशे मतदारांच्या वाडीला साठ माणसं हवीत. दहा-बारा हजार मतदारांच्या गावाला शंभर पुरतात. तीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग पुढच्या खेपेला वीस-पंचवीस माणसांत सगळ्या गावाचं ठरतं, आणि दप्तरात त्या ठरावाचं वजन पुऱ्या गावाच्या ठरावाएवढंच असतं. मला हे वाईट वाटतं, पण ही तरतूद काढून टाका असं मी म्हणणार नाही. ती नसती तर कित्येक गावांत वर्षभर एकही ठराव झाला नसता आणि विहिरीचा गाळसुद्धा निघाला नसता. खरा प्रश्न त्या शंभरांत कोण असतं हा आहे. रोजंदारीवर जाणारी बाई सकाळी दहाच्या सभेला कशी येणार? ऊसतोडीला गेलेलं कुटुंब सव्वीस जानेवारीला गावात नसतंच. त्या कुटुंबाच्या घरकुलाचा विषय त्याच सभेपुढे असतो.

आता पहिल्या विषयाकडे वळतो. झेंडावंदन झालेलं असतं, शाळेची मुलं खाऊ घेऊन पांगलेली असतात, मारुतीच्या देवळापुढे सतरंज्या पडतात. पुढे खुर्च्यांवर सदस्य, मागे पारावर म्हातारी माणसं, कडेला मोटारसायकलवर बसलेली तरणी पोरं. भाऊसाहेब प्रोसिडिंग उघडतात आणि विचारतात, ‘मागचं वाचलं असं समजायचं का?’ पुढच्या रांगेतून दोघंतिघं म्हणतात, ‘समजा, समजा.’ झालं, इतिवृत्त कायम. हे चित्र कुठल्या एका गावचं नाही. सगळ्या जिल्ह्यात मी ते पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी जीव कळवळला आहे. कारण मागच्या वेळी गाव काय बोललं आणि कागदावर काय उतरलं, हे ताडून बघायची कायद्यानं दिलेली एकमेव वेळ त्या दोन शब्दांत निघून जाते.

ठराव लिहिण्याची एक ठरीव भाषा आहे. ‘सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन सर्वानुमते ठरले की…’ खाली सूचक, त्याखाली अनुमोदक, मग ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. सभेत अर्धा तास हातघाईवर आलेली माणसं या वाक्यात शिरली की एकमतानं बाहेर पडतात. विरोध लिहून घ्या असं कुणी म्हटलंच नाही तर तो लिहिला जात नाही. आणि लिहिला गेला नाही तर पुढे पंचायत समितीत, जिल्हा परिषदेत, कोर्टात कुणीही विचारलं तरी तो झालेलाच नसतो.

माझ्या आत्याची गोष्ट सांगतो. तिचं गाव कोणतं ते महत्त्वाचं नाही. तिच्या वस्तीवर विजेचा खांब होता, दिवा नव्हता. दोन ग्रामसभांत तिनं हे सांगितलं. दोन्ही वेळा ‘घेतो की आत्या’ असं उत्तर आलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, ‘भाऊसाहेब, ते बुक काढा आन मी मागच्या वक्ताला काय बोलले ते वाचा.’ बुक निघालं. त्यात तिचं नाव नव्हतं, दिव्याचा शब्द नव्हता. आत्या चौथी शिकलेली. ती टेबलाजवळ गेली आणि उभी राहिली. ‘आता ल्या माझ्या म्होरं,’ म्हणाली. पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग दोन ओळी लिहिल्या गेल्या, तिनं त्या वाचून घेतल्या आणि सही केली. दिवा लागायला पुढचं वर्ष उजाडलं. पण त्यानंतर त्या गावात इतिवृत्त ‘वाचलं असं समजा’ म्हणणं बंद झालं. कुणीतरी हटकून म्हणायचं, ‘वाचा, आत्या आलीय.’

वाचून घेण्याचा हक्क किती दूर जातो हे पुष्कळांना ठाऊक नसतं. आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, चालू वर्षाची विकासकामं आणि लेखापरीक्षणात निघालेले आक्षेप त्यांच्या उत्तरांसह मांडायचे असतात. लेखापरीक्षणाचे आक्षेप म्हणजे बिलाला पावती नाही, मोजमाप पुस्तकात नोंद नाही, दर जास्त लावला. गावच्या पैशाची सगळी दुखणी त्यात असतात. घरकुलासारख्या वैयक्तिक लाभाच्या योजनांसाठी माणसं निवडायची तीही ग्रामसभेनं. विकासाच्या कामावर खर्च करण्याआधी तिची मान्यता घ्यायची. थेट निवडून आलेल्या सरपंचावर सदस्यांनी अविश्वास आणला, तरी तो विशेष ग्रामसभेपुढे जातो आणि गाव गुप्त मतदान करून ठरवतं. २०१७ मध्ये थेट सरपंच निवड आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये पुन्हा आली. या जाण्यायेण्यात गावांची बरीच दमछाक झाली.

पैशाचं म्हणाल तर दोन झरे आहेत. एक गावचा स्वतःचा : घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजारातली वसुली, गाळ्यांची भाडी. दुसरा वरून येणारा, त्यात मोठा वाटा वित्त आयोगाचा. चौदाव्या आयोगानं २०१५ पासून हा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर आणला. पंधराव्या आयोगात ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीला आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, अशी वाटणी राज्यात झाली. त्यातला मोठा भाग बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. स्वतःच्या उत्पन्नातूनही १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी बाजूला काढावे लागतात. आपल्या गावात हे ५ टक्के गेल्या वर्षी कशावर गेले, हे विचारणारा एक जरी माणूस सभेत उभा राहिला तरी टेबलामागची कुजबुज एकदम थांबते. मी ते पाहिलं आहे.

घरपट्टी मागणं हे मात्र सरपंचाला निवडणुकीत महाग पडतं, म्हणून थकबाकी साचत जाते. ती एका झटक्यात भरली जाते ती निवडणूक जाहीर झाल्यावर, कारण थकबाकीदाराची उमेदवारी टिकत नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा ग्रामपंचायतीनं भास्करराव पेरे पाटलांच्या काळात दुसरी वाट काढली. कर भरणाऱ्या घराला दळण फुकट दळून दिलं. कर ही देवघेव आहे, हे तिथल्या माणसाला पिठाच्या डब्यात दिसलं.

प्रवरेच्या पट्ट्यात सभेचा खरा आवाज चढतो तो पाण्याच्या विषयावर. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं. ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या कालव्यांनी हा कोरडा मुलूख उसाखाली आणला. बाहेरच्याला वाटतं, कालव्याच्या गावाला पिण्याच्या पाण्याची काय ददात? पण कालवा रोज वाहत नाही. पाणी आवर्तनानं सुटतं. या भागातल्या अनेक गावांनी साठवण तलाव बांधले आहेत. आवर्तन आलं की ते भरून घ्यायचे आणि पुढच्या आवर्तनापर्यंत पुरवायचे. आवर्तन लांबलं की तलावाचा तळ दिसू लागतो, पाण्याला वास येतो, नळ दिवसाआड, मग तीन दिवसांआड. ग्रामपंचायतीच्या हातात कालव्याचं दार नसतं. तिच्या हातात असतं ते पाटबंधारे खात्याला पत्र देणं, पाणीपट्टीची थकबाकी भरणं, मोटारीचं वीजबिल भागवणं आणि तलावातली गळती थांबवणं. सभेत बायका हंडे घेऊन येतात तेव्हा शिव्या खातो तो सरपंच. जलजीवन मिशननं २०१९ पासून माणशी रोज ५५ लिटरचं मोजमाप ठरवलं. ते पाणी आणायचं कुठून, हे मात्र ज्यानं त्यानं आपल्या शिवारात शोधायचं आहे.

हे कोडं याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं ग्रामसभेत सोडवलं. नगर तालुक्यातलं ते पाऊस कमी पडणारं गाव, कालवा नाही, मोठी नदी नाही. पोपटराव पवार सरपंच झाले १९८९ मध्ये. पाणलोटाची कामं, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी हे सगळ्यांना माहीत आहे, पाहुण्यांच्या बसगाड्या ते बघायला जातात. मला त्याहून मोलाचा वाटतो तो तिथला पाण्याचा ताळेबंद. यंदा पाऊस किती पडला, त्यातून किती पाणी हाती आहे, माणसांना आणि जनावरांना किती लागेल, उरलेल्यावर कुठली पिकं निघतील, हे दर वर्षी गावापुढे मांडलं जातं आणि पिकं त्यावरून ठरतात. शेतीला बोअर नाही, ऊस नाही, हेही गावानंच ठरवलेलं. उसाच्या पट्ट्यातल्या माझ्यासारख्या माणसाला हे ऐकून आत काहीतरी टोचतं. आपल्या ग्रामसभेपुढे कुणी असा ताळेबंद मांडला, तर मीच पहिला उठून जाईन का? या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

बायकांची सभा वेगळी असते. दर ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची आणि तिच्या शिफारशी मुख्य सभेपुढे आणायच्या, असा नियम. २०११ पासून राज्यात निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. सरपंच बाई आणि बोलणारे तिचे यजमान, हे दृश्य अजून संपलेलं नाही. ते कमी होतंय, हेही तितकंच खरं. पहिल्या वर्षी पदराआड बसलेली सरपंच तिसऱ्या वर्षी भाऊसाहेबांना ‘थांबा, मला ते बिल आधी दाखवा’ म्हणते. हा फरक बघायला एकाच गावाच्या सभांना सलग जावं लागतं. एका दिवसाच्या भेटीत तो दिसत नाही.

बेलापूरच्या शेजारच्याच नेवासे तालुक्यात सौंदाळा नावाचं गाव आहे. २०२४ च्या नोव्हेंबरअखेर तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला : आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड. वर्तमानपत्रांतून तो गाजला. हसणारेही होते. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. जी शिवी बाईनं जन्मभर कान मिटून ऐकायची, ती सार्वजनिक गुन्हा आहे असं एका गावानं आपल्या बुकात लिहून ठेवलं. त्याआधी ४ मे २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करण्याचा ठराव केला होता. दोन आठवड्यांत राज्य शासनानं इतर ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. एरवी शासनाचं परिपत्रक गावात येतं; तेव्हा गावाचा ठराव मंत्रालयात गेला.

आता सगळं संगणकावर आलं आहे. गावाचा आराखडा, आलेला निधी, झालेला खर्च ई-ग्रामस्वराजवर मोबाईलमध्ये दिसतो. पुण्याला नोकरी करणारा मुलगा तिथून विचारतो, आपल्या गल्लीतलं काँक्रीट पूर्ण झालं म्हणून दाखवतंय, ते कुठं आहे? हा प्रश्न फार उपयोगाचा आहे. पण तो गटावर विचारला की सव्वाशे अंगठे आणि चाळीस भांडणं येतात. तोच प्रश्न सभेत उभं राहून विचारला आणि लिहून घ्यायला लावला की त्याचं लेखी उत्तर द्यावं लागतं. म्हणून गावाबाहेर राहणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे : दिवाळीला येता तसं एखाद्या सव्वीस जानेवारीला या, सतरंजीवर बसा.

दुपार होते. ऊन सतरंजीवर येतं, माणसं सावलीकडे सरकतात. ऐनवेळच्या विषयांत कुणी मोकाट कुत्र्यांचं बोलतं, कुणी रस्त्यावर आलेल्या ओट्याचं. ज्याचा ओटा आहे तोही तिथेच बसलेला असतो. मग ‘आणखी विषय नसल्याने अध्यक्षांच्या परवानगीने सभा संपली असे जाहीर करण्यात आले’ हे वाक्य येतं. खाली सरपंचाची सही, भाऊसाहेबांची सही, शिक्का. एवढ्यात उठू नये. शेवटच्या ओळीखाली पानाचा जो कोरा भाग उरतो, त्यावर तिरपी रेघ मारली का, ते बघावं. त्या कोऱ्या जागेत नंतर एक जादा ठराव सहज बसतो. आत्या अजूनही रेघ मारून होईपर्यंत टेबलाजवळ उभी राहते, आणि मगच चपला शोधायला जाते.